पाणकोंबडी मारायची परवानगी मिळाली तरी धान वाचेल का?

विचारलेला प्रश्न असा: रामटेक, मौदा, कुही या तालुक्यांत आणि पुढे भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, तलावाला लागून असलेल्या बांध्यांमध्ये (धानाच्या खाचरांत) जांभळी पाणकोंबडी आणि अडई बदके रोवणीनंतर धान नासवतात. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वनखाते पारध परवाना देते, मग या पक्ष्यांसाठी का नाही? न्यूझीलंडमध्ये अशीच कोंबडी दर हंगामात कायदेशीर मारतात, ऑस्ट्रेलियात भातशेतीवर उतरणारी बदके मारायला शेतकऱ्याला परवाना मिळतो. आपल्याकडेच एवढे सोवळे कशाला?

या प्रश्नात दोन मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, पीक राखण्यासाठी मारणे. दुसरी, हंगामी शिकार, म्हणजे परवाना काढायचा, पक्षी पाडायचा आणि घरी नेऊन रस्सा करायचा. चर्चेत नाव पहिलीचे घेतले जाते आणि मागितली जाते दुसरी, निदान शहरातल्या चर्चेत तरी. दोन्हींचा कायदा वेगळा आणि हिशेबही वेगळा. माझे मत आधीच सांगून टाकतो: पहिलीची वाट कायद्यात आहे, पण तिने धान वाचत नाही. दुसरीसाठी जी यंत्रणा लागते ती उभी करायला आपण सुरुवातही केलेली नाही.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये मुळात शिकारीवर सरसकट बंदी नव्हती. मूळ कायद्याची अनुसूची ४ ही 'लहान शिकारी'ची होती. बदके तिच्यात येत आणि लहान शिकारीचा परवाना मिळत असे. १९९१च्या दुरुस्तीने हे परवाने संपले. त्यामुळे 'आपल्या परंपरेतच हे बसत नाही' असे म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, आणि त्याचा हिशेब दगडावर कोरून ठेवला आहे. उलट, पोटासाठी दोन पाखरे धरणारा पारधी किंवा मासेमार ढिवर तेव्हाही गुन्हेगार ठरत होता आणि आजही ठरतो. हा वाद रंगतो तेव्हा ही बाजू कोणी काढत नाही.

२०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. सहाऐवजी चार अनुसूची झाल्या, आणि आपल्या तलावांवर नेहमी दिसणारे बहुतेक साधे पाणपक्षी अनुसूची २ मध्ये आले. त्यांच्या बाबतीत तीन कलमे पाहायची.

कलम ११(१)(ब): अनुसूची २ मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, आणि यात शेतातले उभे पीकही येते, धोकादायक झाला आहे अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक क्षेत्रात ठरावीक प्राणी मारायची लेखी परवानगी कारणांसह देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोह्याचे परवाने याच कलमाखाली मिळतात. मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरातच आहे, म्हणजे अर्ज घेऊन मुंबई गाठायचीही गरज नाही.

कलम ६२: एखाद्या प्राण्याला ठरावीक भागासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित करणे. हा अधिकार केंद्राचा आहे, राज्याचा नव्हे. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड यांच्याबाबत गेल्या दशकात अशा अधिसूचना निघाल्या होत्या.

कलम ३९: कलम ११खाली मारलेला प्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. इथे 'शिकार' या मागणीची हवाच निघते. परवाना मिळाला, पाणकोंबडी पाडली, तरी ती तुमच्या ताटात येत नाही. पंचनामा होतो आणि ती सरकारजमा होते. घरी नेली की परवाना असूनही गुन्हा. बिनपरवाना मारली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणखी एक बाब शेतकऱ्याला माहीत हवी. 'शिकार' या शब्दाच्या कायद्यातल्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंडी किंवा घरटे हलवणेही येते. पिकावर बसलेला पक्षी नुसता हुसकावणे सहसा त्यात धरत नाहीत. म्हणजे फटाका वाजवून उडवला तर चालते. पाणकणसात शिरून घरटे उपसून टाकले तर ती शिकार.

दिनदर्शिका जुळत नाही

आमच्याकडे पऱ्हे (धानाची रोपे) जूनमध्ये टाकतात आणि रोवणी जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. पाणकोंबडीचे खरे नुकसान रोवणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत होते, चूड (एकत्र रोवलेली दोन-तीन रोपे) कोवळे असते तोवर. नेमका हाच तिच्या विणीचा काळ. जून ते सप्टेंबर ती पाणकणसाच्या आणि बोरूच्या दाटीत घरटे करते आणि तीन ते सात अंडी घालते. अडईही पावसाळ्यातच वीण करते.

हौशी शिकार जिथे कायदेशीर आहे त्या बहुतेक देशांत एक नियम पाळतात: विणीच्या काळात हंगाम बंद. अंड्यावरची मादी मारली की एका काडतुसात पूर्ण वीण जाते, आणि पुढच्या वर्षी किती पक्षी उरतील याचा अंदाजच कोलमडतो. मग आपला हंगाम कधी ठेवणार? हिवाळ्यात ठेवला तर धान कापून घरी आलेले असते आणि तलावावर बसलेली असतात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही उत्तरेकडून आलेली पाहुणी. त्यांनी खरिपाच्या धानाचे एक पातही तोडलेले नसते. पावसाळ्यात ठेवला तर वीण मारली जाते. ही मागणी जोरात येते ती बहुधा डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास, जेव्हा शेतात धसकटांशिवाय काही नसते. जुलैत तीच माणसे गुडघाभर चिखलात असतात. तेव्हा निवेदन द्यायला वेळ कोणाला!

उन्हाळी धानाचा अपवाद मान्य करायला हवा. कालव्याचे किंवा बोअरचे पाणी आहे तिथे जानेवारी-फेब्रुवारीत रोवणी होते. तेव्हा आजूबाजूला दुसरे हिरवे नसल्याने पक्ष्यांचा भार एकाच ठिकाणी पडतो आणि त्यात पाहुणी बदकेही येतात. नुकसानीची तक्रार तिथे खरीच जास्त असते.

जुलैत बंदूक चालवायची म्हटली तर आणखी एक अडचण आहे. त्या दिवसांत प्रत्येक बांधीत रोवणीच्या बाया ओळीने वाकलेल्या असतात. बारा बोअरच्या पाच नंबरच्या छर्ऱ्याने पक्षी मरतो तो पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत, पण छर्रा जातो दोनशे मीटरच्या पलीकडे. पाणकोंबडी फारशी उंच उडत नाही. पाय लोंबकळत ठेवून पिकावरून सरळ तलावाकडे जाते, म्हणजे नेम आडवाच धरावा लागतो. रानडुकरावर मचाणावरून खाली गोळी झाडणे आणि धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून आडवा बार काढणे यांत किती अंतर आहे ते वेगळे सांगायला नको.

एका काडतुसाचा हिशेब

३२ ग्रॅमच्या काडतुसात पाच नंबरचे साधारण अडीचशे छर्रे असतात. घट्ट चोकच्या, म्हणजे तोंडाशी अरुंद केलेल्या, नळीतून चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, त्यातले सत्तर टक्के पाऊण मीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात. उरलेले पाऊणशे वर्तुळाबाहेर. एकटा पक्षी असेल तर ते पाण्यात जातात. थवा असेल तर ते शेजारच्या पक्ष्यांना लागतात, मारण्याइतके जोरात नाही पण मांसात रुतण्याइतके नक्की. डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकात जिवंत पकडलेल्या गुलाबी पायांच्या हंसांचे एक्स-रे काढले, तेव्हा प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पक्ष्यांच्या अंगात छर्रे निघाले. त्यावर तिथे शिकाऱ्यांसाठी मोहीमच काढावी लागली: लांबून बार काढू नका. अडई तर दाट थव्यानेच उडते.

आपल्या गावांत पीकरक्षणासाठी शस्त्र कायद्याखाली मिळणारी बंदूक बहुधा भरमार असते, म्हणजे तोंडाने ठासायची. तिला ना चोक ना मोजलेला बार. एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ जातो आणि तोवर जखमी पाखरू पाणकणसात शिरलेले असते. पाणकोंबडी जखमी झाली की पाण्याखाली फक्त चोच वर ठेवून दडते. शिकवलेले कुत्रे सोबत नसेल तर ती सापडत नाही.

मग शिसे. बदके आणि पाणकोंबड्या दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि गाळातला छर्रा त्यांना खडाच वाटतो. तो पेषणीत घासला जातो, शिसे रक्तात उतरते. एक-दोन छर्ऱ्यांनीसुद्धा बदक दोन-तीन आठवड्यांत मरू शकते. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१मध्ये देशभर बंद केले. युरोपीय संघाने पाणथळ जागांसाठी २०२३मध्ये बंद केले. आता आपला हिशेब करा. एका तलावावर चाळीस माणसे, प्रत्येकी पंचवीस काडतुसे, म्हणजे हजार बार, ३२ किलो शिसे आणि अडीच लाख छर्रे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांहून अधिक मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. त्यांतून मासे निघतात, शिंगाडा निघतो, गुरे पाणी पितात. ढिवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पायाने गाळ चाचपतो. त्याच गाळात हे जाणार. पोलादी छर्रे वापरा म्हणावे तर ते हलके असल्याने पल्ला कमी होतो, आणि जुन्या घट्ट चोकच्या नळ्यांना ते मानवत नाहीत.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया

तिथे मारतात हे खरेच आहे. न्यूझीलंडचा पुकेको हा आपल्या जांभळ्या पाणकोंबडीच्या भावकीतला. १९५३च्या त्यांच्या वन्यजीव कायद्यात तो शिकारयोग्य पक्ष्यांच्या यादीत आहे. पण हंगाम, रोजची कमाल संख्या आणि परवाना हे सगळे विभागवार ठरते, आणि परवान्याच्या पैशातून पाणथळ जागांचे काम चालते. एवढे असूनही २०१५मध्ये काय झाले? मोटुतापू बेटावर पुकेको कमी करण्यासाठी सरकारनेच अनुभवी शिकारी नेमले होते. त्यांनी पुकेको समजून चार ताकाहे मारले. ताकाहे म्हणजे त्याच कुळातला, तेव्हा जेमतेम तीनशेच्या आसपास उरलेला पक्षी. पुकेकोच्या दुपटीहून जड आणि उडताच न येणारा! 'उडणाऱ्यालाच मारा' अशी सूचना असूनही हे घडले. आपल्याकडे धुक्यातल्या पहाटे हळदी-कुंकू बदक, त्याच्याच आकाराची पाहुण्या बदकांची मादी, वारकरी पक्षी, पाणकोंबडीची काळपट पिल्ले, हे सगळे एकाच राखाडी रंगाचे दिसते. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतात तर राज्यातले जे तीस-चाळीस सारस उरलेत ते पावसाळ्यात बांध्यांमध्येच घरटी करतात. त्यांच्या संरक्षणासाठी नागपूर खंडपीठाला २०२१मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घ्यावी लागली होती. सारस आणि बदक यांत नेम चुकण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो बंदुकीच्या आवाजाने सारस अंड्यांवरून उठण्याचा. तो उठला की कावळ्यांना रान मोकळे.

ऑस्ट्रेलियात चित्र राज्यागणिक वेगळे आहे. हौशी बदकशिकार पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९९०मध्ये, न्यू साउथ वेल्सने १९९५मध्ये आणि क्वीन्सलँडने २००५मध्ये बंद केली. व्हिक्टोरियात ती चालू आहे, पण दरवर्षी वाद पेटतो. २०१७च्या हंगामाच्या पहिल्याच शनिवार-रविवारी केरांग भागात संरक्षित पक्षी मोठ्या संख्येने मेलेले सापडले. २०२३मध्ये विधिमंडळाच्या समितीने बंदीची शिफारस केली, आणि जानेवारी २०२४मध्ये सरकारने ती न मानता प्रशिक्षणाच्या अटी वाढवायचे ठरवले. तिथे बंदूक उचलण्याआधी पक्षी ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते, ती आधीपासूनच.

प्रश्नात ज्याचा उल्लेख आहे तो भातशेतीचा परवाना न्यू साउथ वेल्सचा. हौशी शिकार बंद, पण भातउत्पादकाला स्वतःच्या शेतावरची बदके मारायची मुभा. आपल्या परिस्थितीला सगळ्यांत जवळचे उदाहरण हेच, म्हणून ते नीट पाहावे. तिथे दरवर्षी बदकांची हवाई मोजणी होते, त्यावर त्या वर्षाचा कोटा ठरतो, आणि कोट्यातला वाटा शेतकऱ्याला मिळतो. शिवाय तिथले भात रोवलेले नसते, थेट पेरलेले असते. बदक बी आणि कोंबच खाते, त्यामुळे एका रात्रीत एकर साफ होऊ शकतो. आमच्याकडे वीस-पंचवीस दिवसांचे रोप चिखलात रोवतात. बदकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

आपल्याकडे मोजणी म्हणजे दर जानेवारीत स्वयंसेवकांनी केलेली आशियाई पाणपक्षी गणना, १९८७पासूनची. उपक्रम उत्तम आहे, पण तो जानेवारीतला आणि निवडक तलावांवरचा. जुलैत बोड्यांवर (लहान तळ्यांवर) किती पाणकोंबड्या आहेत, त्यांतल्या किती वीण करतात, एका वर्षात किती आपणहून मरतात, हे आकडे नसताना 'रोज दोन' की 'रोज दहा' हे ठरवणार कोण? अमेरिकेत १९३४पासून शिकाऱ्याला बदकाचे तिकीट विकत घ्यावे लागते. त्या पैशातून दलदली विकत घेतल्या जातात, पायांत कडी घातलेल्या पक्ष्यांचा माग ठेवतात, आणि मग हंगाम ठरतो. शिकारीचे समर्थक या व्यवस्थेचे कौतुक करतात ते रास्तच आहे. पण आधी तिकीट, मोजणी आणि दलदल, आणि मग बंदूक, हा क्रमही त्यांनी सोबत आणावा.

नुकसान मोजायचे कसे

पहिले काम, चोर ओळखणे. पहाटे बांधीत गेल्यावर हे पाहा.

पाणकोंबडी चूड पाण्याच्या पातळीपाशी तोडते, एका पायाच्या पंजात धरते आणि पोपटासारखी उभ्याने सोलून खाते. तिला बुडखातला पांढरा मऊ भाग हवा असतो. वरचे हिरवे पान ती टाकून देते. त्यामुळे पाण्यावर लांब, अखंड पाने तरंगताना दिसतात आणि त्यांच्या खालच्या टोकाला चावल्याच्या खुणा असतात. काठाच्या चिखलात लांब, बारीक बोटांचे ठसे उमटतात.

पाण्यावर बोटभर लांबीच्या पानांच्या नळ्या तरंगत असतील तर तो पक्षी नव्हे, सुरळीतील अळी आहे. पाणी काढून कृषी सहायकाला दाखवा.

तिरकस, चाकूने कापल्यासारखा काप आणि जवळच्या धुऱ्याला बीळ असेल तर उंदीर. पाण्यालगत कातरल्यासारखी कोवळी रोपे आणि धुऱ्यात पाणी झिरपणारे गोल भोक असेल तर खेकडा. खेकड्याच्या पापाचे खापर पाणकोंबडीवर फुटते असे बऱ्याचदा होते, कारण खेकडा रात्री येतो आणि कोंबडी सकाळी सगळ्यांना दिसते. आणि ती बांधीत बऱ्याचदा खेकडे, गोगलगायीच वेचत असते.

रोपे मुळासकट उपटून तरंगत असतील, चिखल गढूळ आणि खड्डे पडल्यासारखा असेल, पिसे असतील तर अडई. ती अंधार पडल्यावर उतरते. शीळ घातल्यासारखा आवाज येतो तो तिचाच.

मग मोजणी. पाव इंची प्लास्टिक पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. तलावाच्या बाजूच्या दहा मीटर पट्ट्यात दहा ठिकाणी आणि बांधीच्या मध्यात दहा ठिकाणी ती टाका. २० बाय १५ सेंटिमीटरवर रोवणी असेल तर चौकटीत साधारण ३३ चूड हवेत. किती गेले ते लिहा, मोबाइलवर ठिकाण आणि तारीख उमटेल असा फोटो घ्या. मध्यातले आकडे कशासाठी? रोवणीतच जे चूड मेले ते पक्ष्याच्या नावावर टाकायचे नसतात म्हणून.

उदाहरणादाखल: एक एकर बांधी, तलावाकडची बाजू ६० मीटर. दहा मीटर पट्टा म्हणजे ६०० चौरस मीटर, एकराच्या सुमारे १५ टक्के. त्यातले ३० टक्के चूड गेले तर एकराचे साडेचार टक्के. एकरी वीस क्विंटल धरले तर नव्वद किलो. २०२५-२६च्या साध्या धानाच्या २,३६९ रुपये हमीभावाने हे २,१३० रुपये होतात, आणि शेजारचे चूड जास्त फुटवे धरून त्यातले काही भरून काढतात. पूर्ण एकराचा विचार केला तर थोडे वाटते. पण ज्याची सगळी शेती म्हणजे तलावाला चिकटलेली अर्ध्या एकराची बांधी आहे त्याच्यासाठी हा पट्टा म्हणजेच शेत. तक्रार त्याची आहे, आणि ती खोटी नाही.

काय केले तर चालते

पाणकोंबडी शेतात येते ती बहुतेक वेळा चालत. पाणकणसातून निघून धुरा ओलांडून बांधीत, आणि धोका दिसला की पळत परत. दडायची जागा जितकी जवळ तितके नुकसान जास्त. सगळा उपाय याच एका सवयीवर बसवायचा.

तलावाच्या बाजूच्या धुऱ्यावर तीन फूट उंचीची हिरवी शेडनेट लावा. दर दोन मीटरवर बांबूची काडी, खालची कड अर्धा फूट चिखलात दाबलेली. खालची कड मोकळी राहिली तर ती वाकून आत शिरते आणि मग बाहेर जायची वाट न सापडल्याने आतच फिरत राहते. बहुतेकांचा उपाय इथेच फसतो. मासेमारीचे जुने नायलॉन जाळे लावू नका. त्यात पक्षी, साप, धामणसुद्धा अडकून मरतात, आणि अडकलेला पक्षी म्हणजे कायद्याने सापळाच. दोन्ही टोकांना जाळी काटकोनात सात-आठ मीटर आत वळवा, नाहीतर ती कडेने वळसा घालून येते. रोवणीनंतर महिना-सव्वा महिन्याने, चूड जाड झाले की, जाळी काढून ठेवा. नीट गुंडाळली तर पुढचे दोन-तीन हंगाम चालते.

काठचे पाणकणीस आणि बेशरम यांचा दहा-पंधरा मीटर पट्टा धुऱ्यापासून साफ ठेवला की पक्षी उघड्यावर यायला कचरतो. पण हे काम मे महिन्यात, तळ उघडा असताना करायचे. पावसाळा लागल्यावर घरटी असतात. तलाव जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधाऱ्याचा असेल तर ग्रामपंचायतीमार्फत लेखी परवानगी घ्या, आणि मत्स्य संस्थेच्या ढिवरांना आधी विचारा. कुठले गवत माशाला लागते आणि कुठले नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. सगळेच पाणकणीस जाळून टाकणे हा मूर्खपणा. दडायला दुसरी जागा उरली नाही की पक्षी धानातच घर करतात.

काठाच्या पहिल्या आठ-दहा ओळींत पंचवीस दिवसांचे दणकट रोप लावा आणि एका चुडात दोनऐवजी तीन रोपे ठेवा. नांग्या (गेलेल्या चुडांच्या जागा) भरण्यासाठी पऱ्ह्यांचा एक वाफा जादा राखा आणि रोवणीनंतर दहा दिवसांच्या आत नांग्या भरून घ्या. त्यानंतर लावलेले चूड मागे पडते. एका तलावाच्या बाजूच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात रोवणी उरकली तर भार वाटला जातो. ज्याची बांधी सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर हिरवी होते, त्याच्यावर पूर्ण तलाव उतरतो.

अडईसाठी जाळीचा उपयोग नाही, ती उडून येते. पहिले दहा दिवस बांधीत पाणी दोन-तीन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. आवत्या (बी थेट फेकून) पेरणी असेल तर कोंब वर येईपर्यंत पाणी उभेच ठेवू नका. रात्री सात ते दहा आणि पहाटे चार ते सहा या वेळांत बॅटरीचा झोत आणि डबा वाजवणे पुरते. चमकदार फिती लावायच्या तर पिकाच्या वर हातभर, पीळ देऊन, आणि दर तीन-चार दिवसांनी जागा बदलून. एकाच जागी राहिलेली फीत चौथ्या दिवशी निरुपयोगी, मग बगळा तिच्यावरच बसतो. कार्बाइडची पाइप-बंदूक मात्र नको, डोळे जातात.

दाणेदार कीटकनाशक धान्यात कालवून टाकण्याचा प्रकार होतो, तो होतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने पाणकोंबडी मरतेच, सोबत कुत्रे, कोंबड्या, मासे मरतात, आणि ते पाणी गावच पिते. मेलेले पक्षी दिसले तर हात न लावता वनपाल आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

भरपाईचे काय

भरपाईच्या शासन निर्णयांमध्ये प्राण्यांची यादी असते: रानडुक्कर, हरीण, रोही, माकड, गवा, हत्ती. पाणपक्षी तिच्यात नाहीत, म्हणून अर्ज टेबलावरच परत येतो. तो परत आणू नका, पोच घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या बागेचे पोपटांनी केलेले नुकसान यादीत बसत नाही म्हणून नाकारले गेले होते. नागपूर खंडपीठाने पोपट हाही कायद्याने वन्यप्राणीच आहे असे म्हणत भरपाई द्यायला लावली. पाणकोंबडीला हाच युक्तिवाद जसाच्या तसा लागू होतो. घटनेपासून तीन दिवसांच्या आत वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सोबत सातबारा, वर सांगितलेल्या चौकटीचे आकडे आणि फोटो जोडा, आणि पंचनाम्याला कृषी सहायक हजर राहील असे पाहा.

दुसरी खिडकी पीक विम्याची. वन्यप्राण्यांमुळे झालेले नुकसान खरीप २०२६पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केले. ७२ तासांत ॲपवर ठिकाणासह फोटो टाकायचा आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने अधिसूचित करायचे आहे. त्या यादीत 'पाणपक्षी' हा शब्द आणि नागपूर, भंडारा, गोंदिया ही नावे बसवून घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव, कृषी अधीक्षकांकडे निवेदन आणि आमदाराचा अधिवेशनातला एक प्रश्न एवढे पुरेसे आहे. ठरावासोबत किमान दहा-बारा शेतकऱ्यांचे चौकटीचे आकडे जोडा. नुसत्या सह्यांचे कागद फाइलला लागतात आणि तिथेच राहतात.

एवढे करूनही एखाद्या ठिकाणी नुकसान आवरतच नसेल तर कलम ११(१)(ब)चा अर्ज जरूर करा. त्यात गट क्रमांक, पक्ष्याचे नेमके नाव, जाळी आणि राखण करून झाल्याच्या तारखा, आधीचे आणि नंतरचे चौकटीचे आकडे आणि विणीचा काळ सोडून मागितलेली मुदत लिहा. मारण्याआधी पकडून दुसरीकडे सोडण्याचा पर्याय वनखात्यालाच सुचवायला सांगा. उन्हाळी धानाच्या एखाद्या बांधीसाठी असा अर्ज टिकू शकतो. खरिपातला टिकेल असे मला वाटत नाही.